वरकसांतला चर

ह्या सदरांत आजवर शब्द, सण, पोथ्या आणि शाळेंतील आठवणी ह्यांपलीकडे मी फारसा गेलों नाहीं. आज मातीविषयीं लिहिणार आहें. मातीचें शास्त्र मीं कधीं शिकविलें नाहीं. माझा विषय संस्कृत. परंतु माझ्या हातून एक चूक घडली, ती तीस वर्षें दर पावसाळ्यांत वाढत गेली, आणि तिचें कारण शोधतां शोधतां जें पाहावें, वाचावें आणि विचारावें लागलें तें थोडीबहुत वडिलोपार्जित जमीन राखून असलेल्या मंडळींच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

आमचा रेवदंडा वाळूवर वसला आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस कुंडलिकेची खाडी, खाडीपलीकडे कोरलईचा काळ्या फत्तराचा डोंगर, आणि मध्यें पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आधारानें उभ्या नारळीपोफळींच्या वाड्या. वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथें पडतो. पण वाडींत तें पाणी वाहत जातांना क्वचितच दिसतें. मोठी सर येऊन गेली कीं अर्ध्या घटकेंत अंगण कोरडें. सारें पाणी वाळूनें पिऊन विहिरीच्या स्वाधीन केलेलें. त्यामुळें आम्हां रेवदंडेकरांची लहानपणापासून अशी समजूत असते कीं, पाऊस म्हणजे जमिनीत मुरणारी वस्तु. तो जमीन उचलून नेऊं शकतो हें आम्हांस ठाऊक नसतें. निदान मला नव्हतें.

चौलच्या पलीकडे, पूर्वेकडील डोंगराच्या उतरणीवर, आमच्या आजोबांनीं घेतलेली थोडी वरकस आहे. वर गवत, कारवी आणि चारदोन रायवळ आंबे, पायथ्याशीं भाताचीं तीन खाचरें, आणि खाचरांच्या कडेनें कातकऱ्यांचीं दहाबारा घरें. १९९४ सालीं दादानें व मीं ती वांटून घेतली. भांडण नव्हतें, उलट पुढें मुलांत भांडण होऊं नये म्हणूनच वांटणी केली. माथ्यावरच्या मोठ्या आंब्यापासून खालच्या खाचराच्या बांधापर्यंत दोरी धरली आणि दोरीखालीं हातभर रुंद व दीड वीत खोल असा चर खणविला, कीं हद्द कोणासही दिसावी. सरळ रेषेची आवड शाळामास्तराला असतेच. आमचा जुना गडी, ज्याचें आयुष्य त्या उतरणीवर गुरें चारण्यांत गेलें होतें, त्या वेळीं एवढेंच म्हणाला, "मास्तर, चर आडवा घ्या. उभ्या चरानें पाणी धांवत सुटेल." हद्द आडवी कशी घ्यावयाची, असें म्हणून मीं हंसून सोडून दिलें.

पहिल्या पावसाळ्यांत चर कोपरभर खोल झाला. दादा म्हणाला, बरें झालें, हद्द अधिक ठसठशीत झाली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या खाचरांत मुरमाची वीतभर थर बसली, आणि तेथील रोप दडपून गेलें. दहा वर्षांनीं त्या चरांत उभा राहिलों असतां माझें डोकें बाहेर दिसत नसे. आज त्यास चर म्हणण्याची सोय उरलेली नाहीं. ती घळ आहे. संस्कृतांत अशा खळग्यास 'श्वभ्र' असा एक शब्द आहे. तो शब्द मीं कित्येक वर्गांस पाठ करविला असेल, परंतु माझें श्वभ्र मीं स्वतःच्या पैशानें खणविलें तेव्हां तो मला आठवला नाहीं.

मला प्रथम जें कळलें, तें माझ्या समजुतीच्या अगदीं उलट होतें. घळ ही वरून खालीं वाढत नाहीं, ती खालून वर चढते. उभ्या चरांतून पाणी वेगानें खालीं आलें कीं खाचराच्या बांधाशीं, जेथें उतार एकदम मोडतो, तेथें तें उडी घेतें. उडीखालीं डबकें पडतें. डबक्यांतील भोंवरा समोरची भिंत मुळाशीं खातो. वरची माती गवताच्या मुळांनीं बांधलेली असल्यामुळें कांहीं दिवस छज्जासारखी पुढें लोंबत राहते, आणि मग एका रात्रीं धप्पकन् खालीं येते. उडीची जागा हातभर मागें, म्हणजे डोंगराच्या दिशेनें, सरकते. पुन्हां डबकें, पुन्हां छज्जा. असें करीत घळीचें तोंड दरसाल माथ्याकडे निघालेलें असतें. आम्हीं मात्र तिला बुजविण्यासाठीं दोन वर्षें वरून माती लोटली. ती पहिल्या आठवड्यांतच खाचरांत जाऊन पडली, आणि भाताचें आणखी नुकसान झालें.

दुसरी गोष्ट अशी कीं घळ सर्वत्र सारखी खोल नव्हती. वरच्या अंगास कांहीं पावलें ती अरुंद व खोल, मध्यें एका जागीं एकदम उथळ व पसरट, पुढें पुन्हां खोल. ह्याचा उलगडा पोटांतल्या दगडांत होता. आपल्या कोंकणचे व देशावरचे बहुतेक डोंगर म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या शिलारसाच्या एकावर एक पसरलेल्या लाद्या होत. प्रत्येक लादीचा गाभा घट्ट काळ्या फत्तराचा. तिची वरची बाजू वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेली. विहिरी खणणारे लोक ह्या सच्छिद्र खडकास मांजऱ्या म्हणतात. दोन लाद्यांच्या सांध्यांत पुष्कळ ठिकाणीं गेरूसारखा लाल मातकट थर सांपडतो. फत्तरास पाणी हजारों वर्षांत ओरखडा काढील न काढील. मांजऱ्या लौकर कुजून त्याचा मुरूम होतो. आणि लाल थर तर ओला झाला कीं नखानें कोरतां येतो. माझा चर मुरमांत होता तेथें तो खोल गेला, फत्तराच्या गाभ्याशीं पोंचला तेथें खालीं जाणें थांबून तो आडवा पसरला, आणि लाल थर लागला तेथें त्या थरानें आपल्या डोक्यावरच्या दगडाचा आधार काढून घेतला. गाडीच्या चाकाएवढे दोन धोंडे अशा रीतीनें सुटून खाचरांत आले. ते दिवसा आले हें नशीब.

ह्यांत आमच्या किनाऱ्याचा एक विशेष आहे. देशावर ह्या लाद्या बहुधा आडव्या आहेत. पनवेलपासून दक्षिणेकडे समुद्राकांठच्या पट्ट्यांत मात्र त्या पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस, कललेल्या आढळतात. भूगर्भशास्त्रज्ञ ह्यास पनवेल फ्लेक्शर म्हणतात. लाद्यांच्या सांध्यांत शिरलेलें पाणी कलाच्या बाजूनें पाझरतें, म्हणून अशा डोंगराच्या पश्चिम उतरणीवर श्रावणांत जागोजाग झरे फुटतात. आमची उतरण पश्चिमेचीच. त्या झऱ्यांचें आजोबांना मोठें कौतुक असे. घळीच्या भिंतीला आंतून भिजविणारें पाणी तेंच, हें मला साठीच्या उंबरठ्यावर कळलें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्याय आहे. वारुळें, वृक्ष, मातीचा रंग व दगड ह्यांवरून भूमीच्या पोटांतलें पाणी कसें ओळखावें, हा त्याचा विषय. मुलांना नवल वाटावें म्हणून मी तो वर्गांत सांगत असें. स्वतःच्या वरकसांत जाऊन मातीचा रंग पाहण्याची बुद्धि मात्र झाली नाहीं.

आतां मी तुम्हांस जरा दूर नेतों. माझी कन्या संगमनेरास दिली आहे. निवृत्तीनंतर पहिल्यानेंच चार दिवस निवांत राहावें म्हणून आम्ही उभयतां तिकडे गेलों असतां जांवई एका सायंकाळीं प्रवरेच्या कांठानें फिरावयास घेऊन गेले. तेथें जें पाहिलें त्यानें मी थक्क झालों. नदीच्या दोन्ही अंगांस पिंवळट तपकिरी मातीचे उंच तट, आणि त्या तटांत घळींचें असें जाळें कीं एखाद्या राक्षसानें नांगर फिरवावा. एका घळींतून दुसरी, तिच्यांतून तिसरी. मध्यें उरलेले मातीचे सुळके व धारदार कणे. माझी वरकसांतली घळ ह्यांपुढें बाळ वाटूं लागली. आणि विशेष हें कीं संगमनेरास वर्षाकाठीं पाऊस पडतो अवघा चार-पांचशें मिलिमीटर! आमच्या चौथाईच्या हिशेबांत! पाऊस घळी पाडतो म्हणावें, तर सर्वांत मोठ्या घळी आमच्या कोंकणांत पाहिजेत. परंतु त्या आहेत दुष्काळी मुलुखांत. मध्यभारतांतल्या चंबळेच्या बेहडांची गोष्ट तीच. साऱ्या देशांत अशा घळींनीं खाल्लेली जमीन सुमारें चाळीस लक्ष हेक्टर असावी असा जुना अंदाज आहे, आणि तिचा मोठा भाग यमुना, चंबळ, मही, साबरमती अशा नद्यांच्या कांठचा, म्हणजे बेताच्या पावसाचा आहे.

ह्या कोड्याचें उत्तर मातीच्या कणांत आहे. वाळूचा कण जड असतो. पाण्याला तो उचलावा लागतो. चिकणमातीचा कण अति सूक्ष्म, मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाहूनही लहान. पण ते कण एकमेकांस घट्ट चिकटून असतात, म्हणून त्यांना सुटें करणें अवघड. ह्या दोहोंच्या मधला जो पिठासारखा गाळ, तो ना जड ना चिकट. त्याला वाहून नेण्यास पाण्याला सर्वांत कमी श्रम पडतात. प्रवरेकांठचे तट हे नदीनेंच प्राचीन काळीं आणून टाकलेल्या अशा गाळाचे थर आहेत. मध्यें मध्यें चुनखडीचे खडे. पुढें नदी आपल्याच गाळांत खोल कापीत गेली, आणि तट उंच राहिले. आतां तटावर पडलेल्या थोड्याशाही पाण्याला नदीपर्यंत पोंचण्यास मोठी उडी घ्यावी लागते. आणि उडी म्हणजे काय, हें मीं वर सांगितलेंच आहे. त्यांत तेथें पाऊस थोडा म्हणून गवत विरळ, आणि जो पडतो तो वळवाच्या दोन-चार झोडपणाऱ्या सरींत. आमच्याकडे आषाढापासून डोंगर हिरव्या पासोडीखालीं झांकलेला असतो. चीनमधील पीत नदी ज्या पठारावरून आपला पिंवळा रंग घेऊन येते, तें पठार वाऱ्यानें आणून टाकलेल्या अशाच पिठूळ मातीचें आहे.

जांवयांनीं एका तटाच्या माथ्यावर उंदराच्या बिळासारखें भोंक दाखविलें. खालीं घळींत उतरून पाहिलें तों त्याच रेषेंत पायथ्याशीं दुसरें भोंक, आणि त्याच्या तोंडाशीं ओल्या गाळाची जीभ. पाणी वरून शिरून मातीच्या पोटांतून नळी करीत बाहेर पडलें होतें. अशा नळ्या आंतल्या आंत रुंद होतात आणि एके दिवशीं वरचें छप्पर बसतें. सकाळीं शेतांत जावें तों शेताच्या मध्यें नवी घळ. केरळांत कण्णूर व इडुक्की ह्या जिल्ह्यांत, जेथें पाऊस मुबलक आहे, तेथेंही जांभ्याखालच्या मऊ मातींत अशा नळ्या सांपडल्या आहेत आणि त्यांवर बांधलेलीं घरें धोक्यांत आलीं आहेत. म्हणजे वरती जमीन साबूत दिसली एवढ्यावर विसंबतां येत नाहीं.

संगमनेराहून परततांना मीं रुमालांत तटाचीं चार ढेंकळें बांधून घेतलीं. सौभाग्यवतींनीं विचारलें, "लेकीच्या गांवची माती नेतां?" मी हो म्हणालों, खरें कारण पुढें आहे. कृषि खात्यांतले एक तरुण गृहस्थ मला भेटले होते, त्यांनीं एक परीक्षा सांगितली होती. ती कोणाही गृहिणीस स्वयंपाकघरांत करतां येईल. कांचेच्या पेल्यांत पावसाचें स्वच्छ पाणी घ्यावें. विहिरीचें घेऊं नये, कारण त्यांतील क्षारांमुळें परिणाम झांकला जातो. त्यांत सुपारीएवढें वाळलेलें ढेंकूळ अलगद सोडावें आणि हलवूं नये. माझ्या वरकसांतलें ढेंकूळ सोडलें तें थोड्या वेळांत ढासळलें, त्याची बारीक खड्यांची रास तळाशीं झाली, पण पाणी स्वच्छ राहिलें. प्रवरेकांठचें सोडलें त्याच्याभोंवतीं दुधासारखें धुकें पसरूं लागलें. तासाभरानें पेल्यांतून पलीकडचें दिसेना, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळींही तें पाणी निवळलें नाहीं. पहिल्या मातीचे नुसते तुकडे होतात. दुसरी मातीच पाण्यांत विरून जाते. पहिलीला वाहून नेण्यास पाण्याला जोर लागतो, दुसरीला नुसता स्पर्श पुरतो. पोटांतून नळ्या पडतात त्या ह्या दुसऱ्या जातीच्या मातींत.

असें कां होतें, हें सौभाग्यवतींनीं मला उलट समजावून दिलें असें म्हटल्यास चालेल. त्या म्हणाल्या, "मग तुरटी फिरवा की!" पावसाळ्यांत नदीचें गढूळ पाणी आलें कीं माझी आई हंड्यांत तुरटी फिरवीत असे, तसें त्यांनीं पेल्यांत केलें. थोड्याच वेळांत धुकें गोळा होऊन पुंजक्यांनीं खालीं बसलें. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो, आणि ते एकमेकांस दूर लोटतात. तुरटींतला अॅल्युमिनियम, किंवा मातींतला चुना, हा त्यांना जवळ ओढून धरतो. सोडियम मात्र त्यांना धरून ठेवण्यास असमर्थ असतो. ज्या मातींत चुन्याच्या मानानें सोडियम अधिक, ती विरघळणारी. खाऱ्या पाण्याला मात्र ती विरघळत नाहीं, क्षारांच्या गर्दीनें कण दाबून धरलेले असतात. पुढें पावसानें मीठ धुवून गेलें आणि सोडियम मागें राहिला, कीं त्याच मातीचा स्वभाव फिरतो.

हें वाचतांना आमच्या खाडीकांठच्या वाचकांस आपल्या खारबंदिस्तीची आठवण झाली असेल. समुद्राची माती घेऊन घातलेला बांध पहिल्या वर्षीं भक्कम वाटतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनीं त्यास खांड जाते. दोष खेकड्यांच्या बिळांस देतात, आणि खेकडे निर्दोष नाहींतच. पण बीळ एकदां झालें कीं त्याची नळी रुंद करण्याचें काम ही बदललेली मातीही करीत असते. खारजमिनींचें संशोधन करण्यासाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाचें एक केंद्र पनवेलीस आहे. सोडियम अधिक असलेल्या जमिनीस जिप्सम द्यावें, असा जो सल्ला मिळतो त्याचें मूळ हेंच: जिप्सममधून चुना मिळतो. आमच्या तुरटीच्या हंड्याचा तो मोठा भाऊ म्हणावयाचा. अमरकोशांत खाऱ्या भूमीस निराळे शब्द आहेत. जुन्यांनीं तिचा स्वभाव वेगळा म्हणून ओळखला होता, एवढेंच मी म्हणेन. त्यांना सर्व कांहीं ठाऊक होतें अशी जी प्रौढी हल्लीं मिरविली जाते तिच्यांत मी सामील नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांचें काय झालें तें सांगत बसत नाहीं. ज्यांच्या पोफळी गेल्या त्यांना सांगावयास नको, इतरांस सांगून कळणार नाहीं. आमच्या हद्दीचा मोठा आंबा त्या दिवशीं मुळांसकट उलथला. जेथें त्याचें मूळ होतें तेथें विहिरीच्या तोंडाएवढा खळगा पडला, आणि त्याच पावसाळ्यांत घळ वर चढत त्या खळग्यास येऊन मिळाली. दादा त्याच्या आधींच गेला होता. तो असता तर म्हणाला असता, हद्द पुरी झाली.

त्यानंतरच्या दिवाळीस पुतण्या पुण्याहून आला. त्याची माझी मोठी सल्लामसलत झाली, आणि तिच्यांत आमचा पहिला मतभेद. त्याचें म्हणणें, सबंध उतरणीवर समतल चर खणावे. नगर जिल्ह्यांत राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ह्या गांवांनीं अशाच कामानें पाणी अडविलें, हें तो अभ्यासून आला होता. पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवावें व जिरवावें, हें तत्त्व खरेंच आहे, आणि उथळ मातीच्या कोरड्या टेंकड्यांवर तें सिद्ध झालेलें आहे. उभ्या चराचा अपराधी मी; आडव्या चरास विरोध करण्याचा मला काय अधिकार? तरी मीं केला, आणि ह्या बाबतींत मी अजून माझ्या मतावर आहें.

कारण आमच्याकडे प्रश्न पाणी जिरविण्याचा नाहीं. ती जाड, भुसभुशीत मातीची उतरण एका दिवसांत वीतभर पाऊस पिऊन बसते, आणि तिच्याखालीं कललेला गुळगुळीत फत्तर आहे. आडव्या चरांत थांबविलेलें पाणी मुरूम भिजवीत फत्तरापर्यंत उतरेल. तेथें त्यास वाट मिळाली नाहीं तर मातीच्या कणांतील पाण्याचा दाब वाढून सबंध थराचा फत्तरावरचा पायच सुटेल. मग घळ पडत नाहीं, दरड येते. घळ ही जमीन कणाकणानें नेते आणि वर्षानुवर्षें इशारा देते. दरड एका श्वासांत सारें नेते. २००५ च्या जुलैंत महाड तालुक्यांत जुई, दासगांव, कोंडिवते, रोहण ह्या गांवांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजीं त्याच तालुक्यांत तळीये गाडलें गेलें व ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्या दिवसरात्रींत महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे संगमनेराचा सबंध वर्षाचा. पुढें १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी गेली. आमच्या वरकसाखालीं दहाबारा घरें आहेत, हें मीं वर सांगितलें आहे. आमच्या गवताला चार पेंढ्या अधिक याव्यात म्हणून त्यांच्या डोक्यावर पाणी सांठविणें मला पटेना.

पुतण्या प्रथम रागावला. "काका, तुम्ही तीस वर्षें कांहीं केलें नाहींत, आणि आतां मला करूं देत नाहीं," असें तो म्हणाला. आणि पूर्वार्ध खरा असल्यामुळें मला उत्तर देतां आलें नाहीं. शेवटीं त्या कृषि खात्यांतल्या गृहस्थांस घेऊन आम्ही तिघे सबंध उतरण पायीं हिंडलों. त्यांनीं आमच्या दोघांचेंही पुरतें ऐकलें नाहीं. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला, माथ्यावर जमिनीला भेगा आहेत काय. दुसरा, झाडांचीं खोडें एका बाजूस कललेलीं आहेत काय. तिसरा, कोणता झरा अलीकडे अचानक गढूळ वाहूं लागला किंवा बंद झाला काय. तिन्हींचें उत्तर नाहीं असें आलें, तेव्हां ते घळीकडे वळले. ज्यांच्या घरामागें डोंगर आहे त्यांनीं हे तीन प्रश्न दरसाल मृगाच्या आधीं स्वतःस विचारावे, आणि एकाचेंही उत्तर होय आल्यास तहसीलदारांस कळवून मोठ्या पावसाच्या रात्रीं तेथें निजूं नये. ह्याहून अधिक महत्त्वाचें असें ह्या लेखांत दुसरें कांहीं नाहीं.

घळीवरचा उपाय त्यांनीं सांगितला तो साधा होता. पाणी अडवावयाचें नाहीं, त्याला दमवावयाचें. घळींत अनघड दगडांचे ठेंगणे बांध घालावे, सिमेंट न लावतां, म्हणजे पाणी फटींतून गळेल. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीस यावा, म्हणजे मधल्या जागेंत गाळ बसून पायऱ्या तयार होतात आणि उड्या लहान होतात. बांध मध्यें खोलगट व कडांना उंच असावा, नाहींतर पाणी कडेनें वळसा घालून नवी घळ पाडतें. मुख्य म्हणजे, घळीच्या तोंडाशीं येणारें पाणी थोड्या तिरक्या वाटेनें काढून जेथें फत्तर उघडा आहे तेथें नेऊन सोडावें. माझ्या घळीच्या मध्यभागीं ती जी उथळ पसरट जागा होती, तो फत्तरच ह्या कामीं आला. तीस वर्षें घळीनें मला तो दाखवून ठेवला होता. कडेनें वाळा लावला, कारण त्याचीं मुळें उभीं खोल जातात. वरच्या अंगास बांबू. कारवी आम्हीं तोडविणें बंद केलें. दगड खाचरांत होतेच. आमच्याच घळीनें आणून ठेविलेले.

काम कातकरी वाडींतल्या मंडळींनीं केलें. त्यांच्यांत आमच्या जुन्या गड्याचा नातू होता. आजोबांनीं मला काय सांगितलें होतें, हें मीं त्यास सांगितलें. तो म्हणाला, आजा सगळ्यांनाच सांगायचा.

पहिल्या पावसाळ्यांत पांचांपैकीं दुसरा बांध वाहून गेला, कारण तो आम्हीं पुरेसा रुंद पायावर बसविला नव्हता. बाकीचे राहिले. घळीच्या तोंडाशीं, पडलेल्या आंब्याच्या खळग्याच्या कांठावर, पुतण्यानें एक लोखंडी खुंटी ठोकली आहे. दर नवरात्रांत तो येऊन तेथून घळीच्या ओठापर्यंतचें अंतर मोजतो व वहींत लिहितो. मागील दोन वर्षें आंकडा तोच आहे. खालच्या खाचरांत गेल्या वर्षीं पुन्हां भात लावलें; मुरमाच्या जागीं तें अजून पिंवळें दिसतें.

मोजणीच्या नकाशावर आमची हद्द अद्याप सरळ रेषा आहे. प्रत्यक्षांत घळ मध्यावर दादाच्या बाजूस पांच-सहा हात वळली आहे, म्हणजे तेवढी जमीन मीं न मागतां माझ्याकडे आली. पुढच्या मोजणींत हद्द नकाशानें धरावी कीं घळीनें, असें मीं परवां पुतण्यास विचारलें. तो वाकून दुसऱ्या बांधाचे दगड नीट बसवीत होता. म्हणाला, "काका, आधीं ह्या पावसाळ्यांत हा टिकतो का तें पाहूं."